पाण्याचं वळण

आजी : नाही म्हणजे नाही. माझ्या दुकानातून गेलेला केसांचा टोप मी परत घेत नाही. ओठाला लागलेला पेला आणि डोक्याला लागलेला टोप, दोन्ही ज्याचे त्यालाच.

नात : परत द्यायला नाही आणलाय, आजी. डबा उघडून तरी बघ.

आजी : उघडायचा कशाला? डबा माझा, दोरी माझी, आतला माल माझ्या हातचा. सात महिन्यांपूर्वी तुझ्या आईला पाठवला. पोचला म्हणून दोन ओळी आल्या नाहीत. आणि आज नऊ वर्षांनी नात दारात उभी राहते, तीही हाच डबा घेऊन. बस. त्या स्टुलावर नको, तिथे ओले केस होते.

गुंफणारी : बाई, पोर उन्हातून आलीय. आधी पाणी तरी विचारा.

आजी : तू आपली नजर जाळीवर ठेव, बुटके. भांग तिरका जातोय.

गुंफणारी : तीस वर्षं या जाळीवर एकेक केस गुंफतेय, भांग तिरका गेला नाही. तो आज जाईल होय? घे गं ताई, पाणी घे. केवढी झालीस. इथून गेलीस तेव्हा या टेबलापेक्षा वीतभर उंच होतीस.

नात : आई दवाखान्यात आहे.

आजी : ते ठाऊक आहे मला. सात महिने तिची ये-जा चाललीय. कोणी सांगत नसलं म्हणून कळत नाही असं नसतं.

नात : आता ये-जा नाही. डॉक्टर म्हणाले, हा आठवडा.

आजी : काय हा आठवडा?

नात : एवढाच, आजी. हा आठवडा.

गुंफणारी : अगं आई गं.

आजी : बुटके, सुई खाली ठेव. जाळी फाडशील... मग तू इथे काय करतेस? तिच्याजवळ कोण आहे?

नात : बाबा आहेत. दोन तास बसमध्ये बसून आलेय आणि दुपारच्या बसने परत जायचंय. माझं तुझ्याकडे एकच काम आहे. या टोपाचे केस परत कुरळे करून दे. आईचे होते तसे.

आजी : कुरळे.

नात : हो.

आजी : बाहेरची पाटी वाचलीस? 'सुतासारखा सरळ केस.' चाळीस वर्षं झाली ती पाटी लावून. मला वाचायला फारसं येत नाही, पण तेवढं येतं.

नात : वाचली. लहानपणी रोज वाचायचे.

आजी : मग?

नात : परवा आईने आरसा मागितला. सात महिन्यांत पहिल्यांदा. मी द्यायला नको होता. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, हे तोंड कुणाचं आहे? माझे केस असते तर मी मला ओळखलं असतं. मला काय सुचणार? कपाटात तुझा डबा होता. तिने आला त्या दिवशी उघडून पाहिला होता, लगेच बंद केला होता आणि डोक्याला रुमाल बांधला होता. मी टोप काढला, तिच्या डोक्यावर नीट बसवला, आरसा पुन्हा समोर धरला.

आजी : बसला ना नीट? माप तिच्या जुन्या मापावरून घेतलं होतं. कानामागे थोडा सैल ठेवला होता, औषधाने डोकं हुळहुळं होतं म्हणतात.

नात : नीट बसला.

आजी : काय म्हणाली?

नात : जाऊ दे ना.

आजी : मी विचारतेय.

नात : म्हणाली, ही तर आईच्या दुकानाच्या काचेतली बाई.

गुंफणारी : मी चहाचं बघते.

आजी : बस खाली. चहा कुणाला नकोय. तुझ्या आईने आपल्या केसांच्या पिशवीत चिठ्ठी घातली होती, तिच्यात काय लिहिलं होतं ते विचार हिला. तीन शब्द. 'टोप करून दे.' कसा, कुठला, एक अक्षर नाही. खाली सहीसुद्धा नाही.

नात : कसा ते लिहायची गरज वाटली नसेल. तिचे केस कसे आहेत ते तुला ठाऊक होतं.

आजी : होतंच. ते केस जन्मले तेव्हा मी तिथे होते. बाप गेला तो तिच्या डोक्यावर आपले केस ठेवून गेला. मागे दुकान, देणी आणि हे कुरळं डोकं. रोज सकाळी मी तो गुंता सोडवायचे आणि रोज संध्याकाळी तो परत हजर. शेजारच्या बायका म्हणायच्या, अगदी वडलांवर गेलीय. मी म्हणायचे, थांबा, सरळ करायचं पाणी लावते.

नात : आणि ती एकोणीस वर्षांची होईपर्यंत लावत राहिलीस.

आजी : वाईट दिसत होती का? काचेत मेणाची बाई ठेवायची गरज नव्हती मला. तीच बसायची. गिऱ्हाईक म्हणायचं, आम्हाला असा टोप हवा.

नात : आजी, मी तेव्हा अकरा वर्षांची होते. तू दुकानभर माणसांसमोर तिला म्हणालीस, हे डोकं माझ्या दुकानात शोभत नाही. तिने माझा हात धरला आणि आम्ही बाहेर पडलो. माझी एक चप्पल इथेच राहिली.

गुंफणारी : आहे ती. मी ठेवलीय.

आजी : तुला कुणी विचारलं?

नात : मला भांडायला वेळ नाही गं. करून देशील की नाही, तेवढं सांग. होतं ते, मला माहितेय. आम्हाला कॉलेजात आहे.

आजी : कॉलेजात टोप शिकवतात?

नात : प्रथिनं शिकवतात. केस म्हणजे प्रथिनच. केराटिन म्हणतात त्याला.

आजी : प्रथिनं अंड्यात असतात, दुधात असतात. दवाखान्याच्या भिंतीवर चित्र असतं. केसात कुठली आली?

नात : केसात, नखात, लोकरीत, सगळीकडे. अमिनो आम्लं नावाचे बारीक तुकडे असतात, साधारण वीस तऱ्हांचे. एकाला एक जोडत गेलं की लांबच लांब साखळी होते.

आजी : आम्ल म्हणजे ॲसिड. माझ्या डोक्यावर ॲसिड वाढतंय म्हणतेस.

नात : असं समज, बायकांची रांग उभी आहे. प्रत्येकीला दोन हात, डावा एका तऱ्हेचा, उजवा दुसऱ्या तऱ्हेचा. हिचा उजवा हात पुढचीच्या डाव्या हातात. हात धरला की पाण्याचा एक कण बाहेर पडतो, आणि मग ती पकड सहजी सुटत नाही.

आजी : रडून धरलेला हात म्हण की.

नात : म्हण हवं तर. हात सगळ्यांचे सारखेच. फरक असतो तो पाठीवरच्या बोचक्यात. कुणाचं बोचकं एवढंसं, कुणाचं तेलकट, कुणाचं पाण्याला ओढणारं. कुठलं बोचकं कितव्या जागी, त्यावर ती साखळी कशी वळणार ते ठरतं. आणि केसाच्या रांगेत दर सहा-सात जणींमागे एकीच्या बोचक्यात गंधक असतं. या रांगेतली एक आणि शेजारच्या रांगेतली एक, अशा समोरासमोर आल्या की गंधकाला गंधक धरतं. मुळाशी केस जसा वळून बाहेर येतो, तशा या गाठी बसतात. मग धुवा, विंचरा, ओढा, केस परत तसाच वळतो.

आजी : केस जाळला की गंधकाचा वास येतो, हे तुझी आई जन्मायच्या आधीपासून मला ठाऊक आहे. खरा केस की नायलॉन, हे आम्ही काडी लावूनच बघतो.

नात : तोच वास. तू वासाचं पाणी लावतेस ना, ते या गंधकाच्या गाठी सोडवतं. मग केस ताणून सरळ धरायचा आणि फेसाचं पाणी लावायचं. गाठी पुन्हा बसतात, पण नव्या जागी, सरळ केसाच्या.

आजी : म्हणजे मी चाळीस वर्षं न शिकता जे केलं, ते शिकायला तुला कॉलेजात दोन वर्षं लागली.

नात : मला चार पानं लागली.

गुंफणारी : बाई, जीभ कुणाची घेतलीय ते आता विचारायला नको.

नात : तेच उलटं करायचं. केस काड्यांवर गुंडाळायचा, वासाचं पाणी, मग फेसाचं. गाठी वळणावर बसतील. होतं ना?

आजी : होतं. लोक करतात. त्या पुढच्या चौकातला नखं रंगवणारा सुद्धा करतो.

नात : मग तू कर.

आजी : हा केस आता वळण घेणार नाही.

नात : का?

आजी : सांगितलं ना, घेणार नाही.

नात : केस घेणार नाही की तू करणार नाहीस? आजी, ती मरतेय. तुझ्या पाटीवर काय लिहिलंय त्याच्याशी तिला काय घेणं आहे? तिच्या डोक्यावरचे ते शेवटचे केस होते. मी हाताने कापले. औषध सुरू झालं की गळणारच म्हणाले, म्हणून आधीच कापले, आणि तिने ते तुला पाठवले. दुसरीकडे कुठेही पाठवता आले असते. तुला पाठवले. आणि तू काय केलंस, तर एकोणीस वर्षं करत होतीस तेच पुन्हा केलंस. या वेळी ती नाही सुद्धा म्हणू शकत नव्हती.

गुंफणारी : ताई, असं बोलू नये.

नात : का बोलू नये?

गुंफणारी : मी काय म्हणते, ते केस तू कापलेस ना? कापताना धाग्याने बांधले नव्हतेस.

नात : मला काय माहीत बांधायचे असतात. मी रडत होते. जसे पडले तसे पिशवीत भरले.

गुंफणारी : बरोबर. म्हणजे मुळं आणि टोकं सगळी एकात एक. केसाला खवले असतात बघ, माशासारखे, टोकाकडे तोंड करून बसलेले. काही केस सुलटे, काही उलटे असे एका टोपात गेले की खवल्यात खवला अडकतो, आणि दोन दिवसांत त्याचा गोळा होतो. असा माल आला की आम्ही उशीत भरतो. दुसरं काही होत नाही त्याचं.

आजी : बुटके, पुरे.

गुंफणारी : हिला कळू दे ना बाई, घरातलीच आहे. यांनी एकेक केस चिमटीत धरून चोळला. चोळलं की केस आपोआप एका बाजूला सरकतो. जिकडे सरकेल तिकडे मूळ. असे सगळे केस, एकेक. अकरा दिवस. गिऱ्हाईक बाहेर उभं, आणि या खिडकीत पाठ करून. मी म्हटलं अर्धे मला द्या, डोळे जातील. तर म्हणाल्या, याचं मूळ मी ओळखते.

नात : हे आईला सांगितलं नाहीस.

आजी : काय सांगायचं? कामाची टिमकी वाजवायची असते का? टोप डोक्यावर चढला की कळायला हवं.

नात : मग सरळ का केलेस, आजी? एवढं केलंस आणि मग सरळ का केलेस?

आजी : कात्री दे, बुटके. लहान. आणि वाटीत पाणी.

(आजी डबा उघडते. टोपाच्या आतल्या बाजूने, दिसणार नाहीत अशा जागेचे, तीन केस कापते.)

नात : हे काय करतेस?

आजी : केस वळण घेणार नाही असं मी म्हणाले. तुझा माझ्यावर विश्वास नाही, तर तूच बघ. हा घे, पाण्यात बुडव. भिजू दे. आता दोन्ही टोकं धर आणि हळू ओढ. चांगला केस ओला असला की तिसऱ्या हिश्शाएवढा लांबतो आणि सोडला की परत येतो. रबरासारखा. ओढ.

नात : ओढतेय. लांबतोय की.

आजी : सोड आता.

नात : सोडला.

आजी : आला परत?

नात : नाही. लोंबतोय. चिंगमसारखा झालाय.

आजी : दुसरा घे.

नात : तुटला. मी ओढलाही नव्हता नीट.

आजी : तिसरा राहू दे. तिचा आहे.

नात : पण हे असं एका वेळेला होत नाही. एकदा सरळ केलेला केस इतका जात नाही. आजी, किती वेळा पाणी लावलंस?

आजी : दोनदा.

गुंफणारी : दोनदा? मला नाही दिसलं ते.

आजी : तू घरी गेली होतीस. पहिल्यांदा झाला सरळ. टोप केला, धुतला, खिडकीत वाळत ठेवला. सकाळी येऊन बघते तर कानशिलाजवळ परत वळलेला. मागे मानेवर पण. जणू काही केलंच नव्हतं कुणी. मला हसतोय असं वाटलं.

नात : फेसाचं पाणी कमी वेळ ठेवलं असशील. सुटलेल्या गाठी नव्या जागी पक्क्या व्हायच्या आत जुन्या जागी जाऊन बसल्या.

आजी : घाईत होते. अकरा दिवस निवडण्यात गेले, आणि तिचं औषध सुरू होणार होतं. उघड्या डोक्याने बसू नये म्हणून मी वेळ कापला. आणि परत वळलेला बघितला आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, एवढ्या वर्षांनी पिशवीतून येते आणि अजून माझंच ऐकत नाही. पुन्हा पाणी लावलं. वासाचं दुप्पट वेळ, फेसाचं दुप्पट वेळ. घड्याळाकडे बघितलं नाही.

गुंफणारी : सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. दोघींचं तसंच.

आजी : इथे पीळच गेला, बुटके. सुंभ तेवढा राहिलाय. धुऊन काढला तेव्हाच हाताला कळलं. ओल्या केसाला हाताची भाषा कळते आणि हाताला केसाची. तरी पाठवला. काळा, सरळ, चकचकीत. दिसायला खोट नव्हती.

नात : गंधक जळलं त्यातलं. त्याला फेसाच्या पाण्यातला जो प्राणवायू चिकटला तो आता सुटत नाही. असं गंधक दुसऱ्या गंधकाला परत धरत नाही.

आजी : कधीच?

नात : कधीच. केस मुळापासून सुटला की मेलेला असतो. त्याला दुरुस्त करणारं आत कुणी नसतं. डोक्यावर असता तर खालून नवा आला असता, बापाच्या वळणाचा.

आजी : डोक्यावर आता येत नाही.

नात : नाही.

गुंफणारी : मी चहा करतेच. कुणी घेतला नाही तर नाही.

नात : मी उगाच आले. चार तास गेले माझे. ती जागी असेल आत्ता. दुपारी थोडा वेळ जागी असते.

आजी : नाक पूस. तो रुमाल नको, त्याला औषध आहे.

नात : आजी, तू जाणूनबुजून नाही केलंस.

आजी : केलं. जाणूनबुजूनच केलं. चूक झाली ती दुसरीच गोष्ट. माझ्या तोंडावर मलम लावू नकोस, मला सवय नाही.

नात : थांब.

आजी : काय?

नात : गंधकाची नाही, तर दुसरी गाठ. पाण्याची. ती साखळी नुसती लांब नसते ना, ती स्वतःभोवती वळते, स्प्रिंगसारखी. स्प्रिंगचा हा वेढा वरच्या वेढ्याला धरून ठेवतो. अगदी कच्ची पकड, पण अशा हजारो. केस भिजला की पाणी मधे शिरतं आणि या पकडी सुटतात. वाळला की परत धरतात, त्या वेळी केस जसा असेल तशा. तिथे गंधक लागत नाही.

आजी : पाण्याचं वळण म्हणतेस तू.

नात : तुम्ही काय म्हणता मला नाही माहीत.

आजी : तेच म्हणतो. फोटोपुरतं करतो कुणाचं. ओला केस काडीवर गुंडाळायचा, वाळवायचा, काडी काढायची. त्यात काही राम नसतो. धुतलं की गेलं. धुवायला पण लागत नाही, हवेतल्या ओलीने उतरतं.

नात : किती वेळ टिकतं?

आजी : चांगल्या केसावर दिवसभर. या केसावर... अर्धा दिवस. जोर न लावता केलं तर.

नात : अर्धा दिवस चालेल, आजी.

आजी : अर्धा दिवस.

नात : तिने एकदा आरशात बघायला हवं. तेवढंच. पण ते तिचेच दिसायला हवेत, नुसते कुरळे नकोत. माझ्याकडे फोटो आहेत, पण सगळ्यांत केस बांधलेले. मला नीट आठवत नाही गं. आई रोज समोर होती आणि मला आठवत नाही कानाजवळ कसे होते.

आजी : कानाजवळ बारीक. पेन्सिलीएवढे. डावीकडचे बाहेर वळायचे, उजवीकडचे आत. कपाळावर एक बट होती, ती दीड वेढा घेऊन थांबायची. मागे करंगळीएवढे जाड, आणि मानेवर अगदी खाली, जावळ राहिल्यासारखे, तिथे वेढाच नाही, नुसती लाट.

नात : नऊ वर्षं बघितलं नाहीस तू तिला.

आजी : एकोणीस वर्षं रोज सरळ केलंय. ज्याच्याशी भांडायचं त्याचा चेहरा माणूस विसरत नाही.

नात : मग आत्ता करून दे. मी डबा मांडीवर धरून नेते.

आजी : बाहेर हवा बघितलीस? भिंतीला ओल फुटलीय. दोन तास बस, त्यात चाळीस माणसांचा श्वास. पोचशील तेव्हा डब्यात झाडू असेल. शिवाय लाकडी डोक्यावर केलेलं वळण माणसाच्या डोक्यावर चढवताना मोडतं. जिच्या डोक्यावर घालायचं तिच्या डोक्यावरच करावं लागतं.

नात : मग मला शिकव. मी करते.

आजी : बसच्या वेळेपर्यंत? या बुटकीला चार वर्षं लागली.

गुंफणारी : तीन.

नात : मग कसं करायचं?

गुंफणारी : बाई, मी पिशवी भरते. बारीक काड्या, जाड काड्या, फवाऱ्याची बाटली. वाळवायचं यंत्र तिथे लावू देतील का गं, ताई?

नात : विचारते मी नर्सला. देतील.

आजी : मी जाते असं कोण म्हणालं?

गुंफणारी : कुणीच नाही. मी आपली पिशवी भरते.

नात : आजी, एक सांगायचं राहिलं. मी इथे आलेय ते आईला माहीत नाही. मागच्या महिन्यात विचारलं होतं तिला, आजीला कळवू का? तेव्हा नको म्हणाली.

आजी : नुसतं नको म्हणाली?

नात : म्हणाली, नको. ती आली तर फणी घेऊन येईल.

आजी : खरं बोलली... बुटके, फणी भरलीस?

गुंफणारी : भरली, दोन्ही. दाट दातांची आणि विरळ.

आजी : काढ बाहेर. कुरळ्या केसाला फणी लावायची नसते, बोटं पुरतात. आणि दार लोटून घे. आलेल्या गिऱ्हाइकाला सांग, मालकीण मुलीकडे गेलीय.

गुंफणारी : परत कधी येतील म्हणून विचारलं तर?

आजी : एवढंच सांग. मुलीकडे गेलीय.

नात : चष्मा घे तुझा. आणि छत्री राहू दे, माझ्याकडे आहे. हळू, पायरी आहे.

आजी : ही पायरी मी बसवलीय, मला सांगू नकोस. मला बघून ओरडली तर काय करायचं?

नात : ओरडणार नाही. कालपासून तिला बोलवत नाही. हो असलं की मान हलवते. नको असलं की फिरवते.

आजी : आणि मी नऊ वर्षं वाट बघत होते, आधी तिने बोलावं.

नात : आता नाही बोलणार ती.

आजी : कळलं मला.

नात : आजी, तिने तुला दारात बघितलं आणि मान फिरवली तर?

आजी : फिरवू दे. मागची बाजू आधी करीन.